काढून टाकायचं पुस्तक

अल्डर क्रीक, कॅलिफोर्निया
१२ मार्च १९४१

आदरणीय लव्हिनियाताईस,

हेस्टरचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता वाकतो, हे वाचून बरं वाटलं. इकडे कोंबड्या आणि एल्मर (याच क्रमाने) ठणठणीत आहेत.

ताई, मी जिंकले! आमच्या वाचनालयाच्या ऑर्फा लुंडने एक गुप्तहेराची कादंबरी विकत घेतली (मुखपृष्ठावर पिस्तूल धरलेली बाई, अंगावर कपडा बेताचा). समितीच्या अध्यक्ष पिटकिनबाई खवळल्या. पुस्तक जाणार आणि ऑर्फाची नोकरीही जाणार, असं ठरल्यातच जमा होतं. फक्त कुणीतरी ते वाचून आक्षेपार्ह शब्द मोजायला हवे होते. समितीत सगळ्यांत रटाळ मी, म्हणून काम माझ्याकडे आलं.

सोमवारी पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या पानावर माणूस मरतो. दुसऱ्यावर गुप्तहेर मार खातो. तिसऱ्यावर टोपी झटकून पुन्हा त्याच दारावर थाप मारतो. हवा कशी होती, त्याचं बालपण कसं गेलं, काही नाही. (आपले पाद्री तेवढ्या वेळात घसा खाकरतात.) सगळे त्याच्याशी खोटं बोलतात, त्याला ते ठाऊक असतं, तरी तो आपला शब्द पाळतो. मी अकरा शब्द मोजले. मग पेन्सिल कुठे गेली, ती अजून सापडलेली नाही. भाजायला ठेवलेल्या मांसाचा कोळसा झाला. धूर पाहून एल्मर धावत आला, "अगं, कुणी मेलं का?" "तिघं. आता मधे बोलू नकोस."

काल बैठकीत मला दोन मिनिटांचा अहवाल द्यायचा होता. मी गोष्टच सांगायला लागले. तासाभराने पाद्रीबाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग मी थांबले आणि म्हटलं, पुढचं फारच आक्षेपार्ह आहे, राहू दे. "सांग गं मेले, नाटकं नकोत!" पिटकिनबाई ओरडल्या. (वीस वर्षांत त्यांनी प्रथमच मला अगंतुगं केलं.) शेवटी गोष्टीतल्या खुनी वकिलाच्या हातात बेड्या पडल्या तेव्हा टाळ्या झाल्या. पुस्तक राहिलं. ऑर्फाही राहिली. ती रडली, मी नाही. माझ्या गुप्तहेराला ते आवडलं नसतं.

तुझी विजयी,
हेस्टर

ता. क. पुढच्या शुक्रवारी पुस्तक पिटकिनबाईंना द्यायचं आहे. पाद्रीबाबाही अडून बसले होते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

ता. क. २. शेवटची आठ पानं उरली असताना पुस्तक माझ्या हातून आंघोळीच्या टबात पडलं. वाळवायला ओव्हनमध्ये ठेवलं, तर त्या पानांची वीट झाली. वकील मी माझ्या मनाने पकडला (त्याचा भांग मला पहिल्यापासून पटला नव्हता). पुस्तकाचं नाव मागे लिहिलंय. नवी प्रत ताबडतोब पाठव. खुनी वकीलच असेल तर तशीच पाठव. नसेल, तर शेवटची आठ पानं फाड आणि वेगळ्या पाकिटात माझ्या नावाने टाक.

पाकीट आधी टाक.