हरकत कोणाची

४ सप्टेंबर, सोमवार
कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या बाईंशी आज खटका उडाला. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली, दहावी नापास, बाकी सगळं स्वतः वाचून शिकलो – म्हणून तर पाहणीचे फॉर्म तपासायला त्यांनी मला बोलावलं. प्रश्न २४: मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तर हरकत कोण घेईल? निम्म्या घरांचं उत्तर – 'लोक'. म्हटलं, लोक म्हणजे कोण? बाई हसल्या. "काका, एकटा माणूस आणि समाज यांच्यातली तीच तर गाठ शोधतोय." असं मोघम चालणार नाही! फॉर्म पुन्हा पाठवा, नेमकं नाव विचारा. मानलं त्यांनी.

६ सप्टेंबर
आमची गल्लीही पाहणीत आहे. तिथे मी जायचं नाही – नियम आहे, योग्यच आहे. पाहणीतली माझी जोडीदारीण जाते, बाईंची विद्यार्थिनी. अक्षर गचाळ, पण प्रामाणिक पोरगी. प्रश्न २३: तुमची स्वतःची हरकत? आमचं घर सोडून तीस घरं. तीसही 'नाही'!
खोटारडे. तीन वर्षांपूर्वी याच तीस घरांना भिऊन मी लेकीनं मनानं केलेल्या लग्नाला गेलो नाही. कोपऱ्यावरचा केमिस्ट तर तेव्हा महिनाभर नजर चुकवत होता.

९ सप्टेंबर
लेकीचा फोन, हिच्याकडे. जावयाला परदेशात नोकरी लागली. उद्या दुपारी दोघांचं विमान. "बाबांना विचार ना, जाताना दहा मिनिटं येऊ? दारातूनच परत जाईन."
ही फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, भर दिवसा, गल्लीतून? फॉर्मवर काय, कोणीही गोड लिहील. तूच जा विमानतळावर.
"तुमचे ते लोक आपल्याला जेवायला घालतात का हो?" – ही.

१० सप्टेंबर
ही एकटीच जाऊन आली. रडली का ती, विचारलं.
"नाही. बाबा बीपीची गोळी वेळेवर घेतात का, विचारत होती."

११ सप्टेंबर
घेतो, एवढं तरी सांगता आलं असतं.

१३ सप्टेंबर
दुसऱ्या फेरीचे फॉर्म आले. आमच्या गल्लीचा गठ्ठा.
केमिस्ट: "आमचं काही नाही हो. कानामात्राकाकांना चालणार नाही." गल्लीत मला मागून कानामात्रा म्हणतात, ठाऊक आहे मला.
शिंपी: "नाव नका लिहू. पण प्रुफवालेच."
समोरच्या वहिनी: "भाऊजींनी सख्ख्या लेकीला दारात उभं केलं नाही, आमच्या धाकटीला सोडतील? तिच्या मनात एक मुलगा आहे. पण नकोच म्हटलं तिला."
तीसपैकी सत्तावीस फॉर्मांवर मीच. दोनदा मोजले. जोडीदारीण समोर बसून नखं बघत होती. केमिस्ट मला घाबरत होता – आणि मी त्याला!
वहिनींची धाकटी. अठराव्या वर्षी माझ्या लेकीची पुस्तकं मागायला यायची.

१४ सप्टेंबर
आमच्या घराचा फॉर्म मी तपासायचा नव्हता. तपासला. प्रश्न २४, उत्तर हिचं. जोडीदारणीनं शब्दन् शब्द उतरवलाय.
"हेच. पण लेकीच्या वाढदिवसाला नळ सोडून मोरीत उभे असतात, बराच वेळ. मी दार वाजवत नाही. हे लिहू नकोस हं, पोरी."