जिंकलेला सामना रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. तालुका क्रीडा अधिकारी,
देवरी, जि. गोंदिया

विषय : व्हिडिओ गेम स्पर्धेतील अर्जदाराचे विजेतेपद काढून घेऊन अंतिम सामना आवाजासह पुन्हा खेळविण्याबाबत.
संदर्भ : नवप्रभात युवक मंडळ, चिचगड यांची प्रजासत्ताक दिनाची स्पर्धा, २००९.

महोदय,

अर्जदार हा उपरोक्त स्पर्धेचा विजेता असून त्याची तक्रार स्वतःच्याच विजयाविरुद्ध आहे.

अंतिम सामन्यात अर्जदारासमोर कु. रचना देवाजी मेश्राम होती. रचना जन्मांध आहे. भाऊ रत्नपाल याने गोंदियाहून आणलेल्या जुन्या कॅसेटच्या गेमवर ती लहानपणापासून खेळते. त्यातील दोन पहिलवानांच्या मारामारीत उडी, लाथ, बुक्की यांचे आवाज वेगवेगळे असतात. समोरच्याने उडी घेतली की तिला कळते, आणि तो खाली येईपर्यंत तिची लाथ तयार असते. स्पर्धेतही हाच गेम होता व अशा रीतीने तिने एकेकाला लोळवले. त्यात मंडळाचे सचिव श्री. भोजराज हेही होते.

अंतिम सामन्याआधी श्री. भोजराज यांनी हरकत घेतली की, कानांनी खेळणे हा गैरफायदा आहे. सबब टीव्हीचा आवाज दोघांसाठीही बंद राहील, नियम सर्वांना सारखा. अर्जदाराने विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. रचना म्हणाली, "मले दिसत नाही म्हनून मी याचा टीव्ही झाकाले लावला का? मंग माया आवाज काऊन बंद करता?" यावर श्री. भोजराज यांनी घड्याळ पाहिले व सामना सुरू केला. तिचा पहिलवान कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हवेत लाथा मारत राहिला. अर्जदाराने मागून एक बुक्की मारली. दुसरी मारवेना. वेळ संपली आणि तेवढ्या एका बुक्कीवर अर्जदार विजेता ठरला.

घरी आई रामबाई हिने चषक हातातही घेतला नाही. "पोरीचे कान बांधून जिंकला, अन् पेढे कायले वाटून राहिला?" असे ती म्हणाली. पेढे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी अर्जदार रचनाच्या घरी गेला. तिने टीव्हीवर चादर टाकायला लावली, आवाज मोठा केला व म्हणाली, "घे, आता नियम सारखा." अर्जदार उभ्या जागी मार खात राहिला. मग चादर काढून, त्याने पाहून व तिने ऐकून, दोघे दुपारभर खेळले. कधी तो जिंकला, कधी ती. खरी स्पर्धा ती हीच, याबद्दल दोघांचे एकमत आहे.

मंडळ म्हणते, जिंकलेला माणूस तक्रार करू शकत नाही, तशी तरतूद नाही. तरी आपण लक्ष घालून फेरसामना लावावा, ही विनंती. निर्णय लवकर व्हावा. रचना रोज सराव करीत आहे आणि मागील आठवड्यापासून अर्जदार तिच्याविरुद्ध एकदाही जिंकलेला नाही.

आपला नम्र व तूर्त विजेता,
लोकेंद्र बिसनलाल रहांगडाले
रा. चिचगड, ता. देवरी
दि. १६ फेब्रुवारी २००९