मंडईत दिलेली बांधी

दिघोरी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मंगेश,

तुझ्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. आम्ही घरचे सगळे ठीक आहोत. तुझ्या भाऊजीचं राईस मिलमधलं काम सुरू आहे. कंबर दुखते म्हणतात, पण सुट्टी घेत नाहीत. धान पिकत आलं, पिवळं पडून राहिलं. तू नागपूरले नीट जेवतो-खातो का? जामिनावर सुटलेल्या माणसाले खानावळवाले उधार देतात का नाही, देव जाणे. बघ, लिहायले बसली नाही तोच माझी जीभ सुटली.

फोन करू नको असं तुझ्या वकिलानंच सांगितलं, म्हणून हे पत्र. त्यानं पाठवलेला कागद पोचला. मी वाचला, मग तुझ्या भाऊजीले दिला. त्यात लिहिलं आहे की तलावाखालची बांधी, ते धानाचं शेत, मी तुझ्याकडून फुकट नाही घेतली, माझे दागिने मोडून तुले नगदी पैसे दिले. खाली माझ्या सहीची जागा. कोणते दागिने रे बाबू? माझ्याजवळ एवढं सोनं असतं तर तुझ्या वकिलालेच मी विकत घेतलं असतं!

अन् तू विसरला का? बांधी दिली त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी तू स्टेजवर चढला. माईकवाल्याच्या हातचा माईक घेतला, अन् साऱ्या गावासमोर बोलला, "मी माझ्या बहिणीले एक रुपया न घेता धानाची बांधी देऊन राहिलो." लोकांनी टाळ्या पिटल्या. मी रडली होती. एवढा आनंद मले माझ्या लग्नातही झाला नव्हता. बँकेचा मॅनेजर, माझा भाऊ! आता त्याच गावाले मी काय सांगू, भोंगा खराब होता म्हणून?

तू म्हणशील, गावाच्या बोलण्यानं काय होते, कोर्ट कागद पाहते. तुझ्या वकिलानंही तसंच सांगितलं असेल.

बँकेचा पैसा शोधायले कोर्टानं नेमलेली मॅडम मागच्या आठवड्यात आली होती. वयानं लहान आहे, पण मोठी चिवट. तलावाचं पाणी कुठं मुरलं ते पाहायले आपण पाटाच्या कडेकडेनं जातो ना, तशीच ती आली. बँकेतून तुझ्या दोस्ताच्या, भुपेंद्रच्या खात्यात. तिथून त्याच्या खताच्या दुकानात. तिथून जमीन विकणाऱ्याच्या हाती. अन् शेवटी माझ्या शेताच्या कडेले, धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

मी भांडली तिच्याशी, लपवत नाही. म्हटलं, सातबारा माझ्या नावाचा आहे, मी कोणाची चोरी केली? ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुमच्यावर गुन्हा नाही. पण पैसा ठेवीदारांचा होता. त्यातून घेतलेली जमीनही त्यांचीच. कायद्यानं तुम्ही ती त्यांच्यासाठी सांभाळत होत्या. तुम्ही किंमत देऊन घेतली असती, तर गोष्ट वेगळी होती."

तेव्हा मले तुझ्या कागदाचा अर्थ समजला. कागदासोबत तू लिहितो, ताई, तुझी बांधी वाचेल. बांधी माझी वाचते का तू वाचतो? माझ्या खोट्या दागिन्यानं तुझ्याजवळच्या नगदीले बाप मिळते, ती कुठून आली ते सांगता येते, एवढं तर मलेही समजते बापा.

तरी मी कागद फाडला नाही. उशाशी ठेवला. तुझे भाऊजी सही कर म्हणाले नाहीत, करू नको असंही म्हणाले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "त्या बांधीनंच आपल्याले पहिल्यांदा घरचा तांदूळ खाऊ घातला." ते बोलले अन् माझं मन पार डगमगलं.

पण मॅडम बांधीचा पंचनामा करायले पुन्हा आली, त्या दिवशी देवकाबाईही आली. ओळखतो ना? नवरा गेल्यावर विम्याचे पैसे तिनं तुझ्या सांगण्यावरून तुझ्या बँकेत टाकले होते. घरावर स्लॅब टाकीन म्हणे. अजून कवेलूच आहेत. मॅडमनं ठेवीदारांची नावं वाचली, त्यात तिचं नाव निघालं. मंगेश, त्याच देवकाबाईनं यंदा माझ्या बांधीत रोवणी केली. चिखलात वाकून, माझ्याकडून मजुरी घेऊन. आपल्याच पैशाच्या बांधीत! मले जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

अन् ती काय म्हणाली माहीत आहे? "उर्वशी, पीक उभं आहे. मॅडमले सांगून कापून घे, मंग दे. तू घाम गाळला." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कागद परत पाठवून राहिली, सहीविना. सही केली ती मॅडमनं घेतलेल्या माझ्या जबाबावर. बांधी मले फुकट मिळाली, असं लिहून दिलं. बांधी गेली.

इथवर लिहून मी उठली होती. चहा केला, ढोरायले पाणी दाखवलं, पुन्हा बसली. आता सांगतेच. मॅडमनं जाता जाता विचारलं, "ताई, भावाचं आणखी कुठं काही आहे का?" मी नाही म्हणू शकत होती. तिच्या कागदात ते कुठंच नव्हतं. देवकाबाई धुऱ्यावर बसून होती, आमच्याकडे पाहतही नव्हती. मी वरठीचा प्लॉट सांगून दिला. तुझ्या सासूच्या नावाचा, जो तू फक्त मले सांगितला होता.

बांधी गेल्याचं दुःख आहे, ते हळूहळू कमी होईल. प्लॉट सांगितला ते मात्र घास गिळू देत नाही. तू माझ्यावर भरोसा ठेवला होता. तरी मले पुन्हा विचारलं तर मी पुन्हा सांगीन.

दुसऱ्याच्या तोंडून तुले कळू नये म्हणून मीच लिहून राहिली. नोटीस यायच्या आधी तू स्वतः मॅडमकडे जा, अन् सगळं सांग. वकिलाले विचारत बसू नको. नाही गेला तर कोर्टात तारखेवर मले उभं राहावं लागेल, अन् तू समोर असशील. तेव्हा तोंड फिरवू नको, बाबू. तुझ्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय मले ते बोलता येणार नाही.

तुझी सख्खी बहीण, अन् तुझ्याविरुद्धची साक्षीदार,
उर्वशी