अंगणात कोथिंबीर का नव्हती

दादा, आज तुमचं कामाचं ठिकाण पाहिलं आणि आता हे लिहायला बसलेय. तुम्ही गेल्यावरही तुमच्यासोबत काम करणारे काका सायकलला डबे लटकवून आपल्या अंगणात पाणी आणून टाकत राहिले. मला वाटायचं, त्यांच्या पिंगळीच्या शेतातल्या विहिरीचं आहे. काल ते म्हणाले, "गुडघे गेले गं माझे. उद्यापासून तूच येत जा. कॉलेज तर बंदच हाय की." विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे चालू आहेत, कॉलेजला कुलूप आहे. नाही म्हणायला कारण नव्हतं.

ते मला गावाबाहेरच्या हौदांवर घेऊन गेले. पहिल्या हौदात अख्ख्या परभणीचं गटार येऊन पडत होतं. मी ओढणी नाकाला लावली. हौदामागून हौद पाणी निवळत गेलेलं, शेवटचा हिरवट, काठावर बगळे. काकांनी त्यातच डबा बुडवला. "तुझ्या बापानं इथंच जिंदगी काढली. ह्या पाण्यावर झाडं लय खूश ऱ्हातात." तुम्ही म्हणायचात, मी पाणी शुद्ध करतो. मी ते नळाचं समजत आले.

मी शाळेत जायच्या आधीची ती दुपार. चुलीपाशी तुम्ही मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावताय, त्याआधी माझी नखं तपासताय. धडा संपल्यावर मी दोडक्याच्या मांडवाखाली जाते. तिथं मी गुपचूप धणे पेरलेत, कोवळी पानं वर आलीत. एक पान तोंडात टाकणार इतक्यात तुम्ही माझा हात धरलात आणि सगळी रोपं मुळासकट उपटलीत. "इथं कच्चं खायचं काही लावायचं नाही!" आवाज कधी न चढवणारे तुम्ही. मी रडून झोपले. उठले तेव्हा पाटीवर बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी होती. आपल्याकडं सगळं मांडवावरच का चढायचं आणि शिजवूनच का खायचं, ते आज कळलं.

सायकल ढकलत येताना डोक्यात एकच, आईला कसं सांगू? ती सोवळ्याची. त्याच अंगणातली जास्वंद रोज देवाला वाहते. ऐकलं तर मांडव उपटून टाकील, आणि तुमचं मागं तेवढंच उरलंय. पण लपवायचं तुम्ही शिकवलं नव्हतं. मी सांगून टाकलं.

आई दोडका चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक हाय. लग्न झाल्यापासून."

"आणि देवाची फुलं?"

"देवाला बी ठाऊक हाय."

"मग मलाच का न्हाई सांगितलं?"

"तुला? पेला दहादा धुऊन वास घेणारी तू. उपाशी मेली असतीस! तुझे दादाच म्हणले, पोरीला सांगू नगंस."

तुम्ही, दादा? गटारापेक्षा याचाच धक्का मोठा आहे. माझी नखं तपासताना तुम्हाला काय वाटत असेल?

मांडवाला पाणी मीच घातलं. उद्याही आणीन. हे पत्र कुठं टाकणार, पाटीखाली ठेवते. फक्त एक, आईला कळू द्यायचं नाही. आज ताटातली दोडक्याची भाजी मी दारातल्या गाईला घातली. तिनं चाटूनपुसून खाल्ली.