चालत वाजवायचं

४ ऑक्टोबर १९९८, रविवार
आज सकाळी बुद्धवंदना आटोपली आणि क्लॅरिनेट घेऊन बँडवाल्यांच्या गल्लीत गेलो. लग्नाच्या सीझनला मला बँडमध्ये घ्या, असं हमीदचाचांना विचारायचंच, हे आठवडाभर ठरवत होतो. गल्लीत नऊलाच चार दुकानांतून चार गाणी. कुठलं कुणाचं, हे कळायच्या आत पाय ताल धरतात. चाचा तीन वर्षं मला क्लॅरिनेट शिकवतायत, पण घेतो असं स्वतःहून म्हणणार नाहीत. इथला रिवाजच तसा, ज्याला यायचंय त्यानं तोंडानं विचारायचं.
चहा पिऊन परत आलो.

११ ऑक्टो., रवि.
चालत वाजवायचा सराव. फजिती. गावी विहारात मांडी घालून, डोळे मिटून वाजवायची सवय. आज सूर असा लागला की डोळे कधी मिटले, पाय कधी थांबले... उघडून बघतो तर बँड वळणापलीकडं. मी एकटा रस्त्याच्या मधोमध, मागं रिक्षा. रिक्षावाला म्हणाला, "वाजवा की पावणं, मला काय घाई न्हाय."
ढोलवाला बाबू वळणावरून ओरडला, "भाऊ, समाधी लागली व्हय?" गल्ली हसली, मीही हसलो. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "सूर झ्याक हाय. पण वरात थांबत न्हाय, भाऊ."
खरं आहे. असाच राहिलो तर विचारून उपयोग काय?

१३ ऑक्टो.
बायकोला, सुमनला सांगितलं. हसता हसता तिची भाकरी करपली. "अवो, पन्नाशीला आलासा. शाळेतला क्लार्क वरातीत म्हणून लोक हसतील, हसू देत. आधी चालायला शिका."
संध्याकाळी परसात फेऱ्या. ती पुढं टाळी देत, मी मागं वाजवत. दोनदा तिच्या पाठीवर आदळलो. शेजारीण भिंतीवरून बघून गेली.

२५ ऑक्टो., रवि.
गल्लीची फेरी. सीझनआधी सगळे बँड एक संध्याकाळ आपल्याच माणसांसाठी वाजवतात. चाचा म्हणाले, "चला कडेनं." चाललो. डोळे टक्क उघडे. सूर जरा पातळ झाला, पण पहिल्यांदाच गल्ली दिसली. गॅलरीत पिठाच्या हातांनी नाचणारी बाई. पायरीवर मान डोलवणारा म्हातारा शिंपी. गर्दीत सुमन, "डावा! डावा!" एवढी माणसं ऐकत असतात, हे मला माहीतच नव्हतं. वळणावर एक ओळ फार गोड आली, तिथं बाबूनं कोपर मारलं.
थांबलो मात्र नाही. शेवटपर्यंत सगळ्यांबरोबर.
फेरी संपली. चाचा पायरीवर बसून क्लॅरिनेट पुसत होते.  जाऊन समोर उभा राहिलो. "चाचा, सीझनला मला घेता काय?"
त्यांनी पुसायचं थांबवलं नाही. "वळणावर डोळं मिटलं हुतं तुमचं. बघितलं मी."
एवढंच. होकार नाही, नकारही नाही.
पण विचारलं.