हाक कुणाची होती

तात्या, काल आमच्या विश्रामबागेतल्या घरी बँडसॉ आला. नवा कोरा. उंब्रजला तुमच्या वखारीत होता तसाच, वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून गरगर फिरणारा दातेरी पट्टा. तुमच्याकडच्याएवढा अवाढव्य नाही, पण माझ्या डोक्याच्या वर हातभर जातोच. तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले. आनंदाची बातमी द्यायची म्हणून नव्हे. तुम्ही असता तर ते मशीन माझ्या दारात बघून तुम्हाला काय वाटलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तुम्हाला ते वाटायला हवं होतं, एवढ्याचसाठी.

ट्रक आमच्या गल्लीत वळेना. कोपऱ्यावरच थांबला आणि तिथून हायड्रा क्रेननं खोकं उचलून आणायचं ठरलं. ड्रायव्हर कागद घेऊन फाटकाशी आला. "सायेब कुठं हायेत? सही लागंल." हे पायरीवर पेपर वाचत बसले होते, त्यांनी पेपर न हलवता माझ्याकडे बोट केलं. ड्रायव्हरनं कागदाकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "तुमी घेतलंय व्हय? एवढ्या मशीनचं काय करणार मावशी?" म्हटलं, "लाकूड कापणार. सही कुठं करू?" मग ते साडेतीनशे किलोचं धूड कुंपणाच्या भिंतीवरून झुलत आत आलं. शेजारच्या गच्चीवर बायका उभ्या. मी खोक्याला हात लावून दिशा द्यायला पुढे झाले तर खालचा माणूस ओरडला, "आवं बाजूला व्हा, बायामाणसाचं काम न्हाई ते!" त्यानं काळजीनंच म्हटलं असेल. पण मला ऐकू आलात तुम्ही.

मी अकरा वर्षांची आहे. वखारीत लाइट गेलीय, मशीन बंद आहे, आणि मी त्याच्या लोखंडी टेबलावर तळहात ठेवून उभी आहे. टेबल गार आहे, त्यावर चिंचेचा भुसा आहे. सागवान, बाभूळ, जांभूळ, आंबा, डोळे मिटून नुसत्या वासावर मी ओळखत असे, आणि हे तुम्हाला माहीत होतं, चार गिऱ्हाइकांना तुम्ही ते कौतुकानं सांगितलंही होतं. त्या दिवशी तुम्ही बाहेरून आलात, माझा हात बघितलात आणि गजाची पट्टी माझ्या बोटांवर ओढलीत. "मशीनला बाईचा हात लागला की पट्टा तुटतो." तेवढ्यावर भागलं नाही. लोकांसमोर टेबल पाण्यानं धुतलंत, उदबत्ती लावलीत, लिंबू कापून ठेवलंत. लोक हसले. मी भुसा झाडत घरी गेले. तुमचा पट्टा त्या महिन्यात दोनदा तुटला, आणि दोन्ही वेळा मी शाळेत होते. तेव्हा कुणाची सावली पडली होती, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

खोकं फोडून मशीन शेडमध्ये बसवायला कारखान्याचा माणूस आला होता. शहाणा, शांत माणूस. पट्टा कसा ताणायचा, दार उघडलं तर मशीन आपोआप कसं बंद पडतं, सगळं समजावून देत होता. पट्ट्याच्या पुढची लोखंडी जाळी खालीवर करून दाखवली. "मॅडम, लाकूड जेवढं जाड, तेवढीच जाळी वर घ्यायची. कितीही घाई असू दे, ही काढायची नाही." मला हसू आलं. त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी पुन्हा ऐकलं. तुमची जाळी कुठे असायची ते त्याला काय सांगू? दाराशेजारी खिळ्याला, कॅलेंडरच्या खाली. जाळीनं काम रखडतं म्हणायचात तुम्ही. तिच्यात कोळ्यानं घर केलं होतं.

आता तो दिवस. तो मी आजवर कुणापुढे नीट उलगडलेला नाही. मी एकोणीस वर्षांची होते, कराडला सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो सैन्याच्या भरतीत धावला होता, छाती भरली होती, मेडिकल पास झाला होता. नुसतं पत्र यायचं बाकी होतं. तुम्हाला तो जायला नको होता, आणि पत्र येईपर्यंत रोज त्याला मशीनवर उभा करत होतात. कॉलेजला सुट्टी होती म्हणून आईनं माझ्याकडे दुपारचा डबा दिला. मी वखारीच्या दारात आले. दादाची पाठ माझ्याकडे, समोर चिंचेचा ओंडका, मशीनचा आवाज एवढा की शेजारचा बोलला तरी ऐकू येऊ नये. मी हाक मारली नाही. मशीन चालू असताना हाक मारायची नाही, हे वखारवाल्याच्या घरात बोलायला लागण्याआधी शिकवतात. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. तुम्ही खुर्चीवर होतात, बाजूला पाटणचं एक गिऱ्हाईक. तुम्ही उठलात आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलात, "आरं ए! दोन सूत जाड चाललीया फळी!" दादानं मान वळवली. बापाचा आवाज होता, वळवणारच.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

कराडच्या दवाखान्यात ओसरीवर सगळी जमली. आत्या आल्या आल्या म्हणाली, "कसं झालं रं हे?" आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. जराही न अडखळता. "हिनं हाक मारली. डबा घिऊन आली आन् आरडली. पोराचं ध्यान गेलं." डबा अजून माझ्या हातात होता. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आईचीसुद्धा. मी बोलले का नाही, हे मी स्वतःला चाळीस वर्षं विचारतेय. तुमच्या तोंडून ते इतकं सहज आलं होतं की क्षणभर मलाच वाटलं, आपण ओरडलो तर नाही? मी माझा गळा चाचपून बघितला, तात्या. खरंच.

आठव्या दिवशी दादाचं भरतीचं पत्र आलं. त्यानं ते देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलं. आई मला वाढायची, पण ताटाकडे बघून. बायका आमच्या दारावरून जाताना आवाज बारीक करायच्या. कॉलेज तुम्ही बंद केलंत आणि वर्षाच्या आत माझं लग्न लावून मला सांगलीला पाठवलंत. लग्नात सागवानी कपाट दिलंत, तुमच्याच वखारीत कापलेलं, चकचकीत पॉलिशचं. मांडवात प्रत्येकाला हात धरून दाखवत होतात. ते कपाट मी घरात फार काळ ठेवलं नाही. शाळेत नोकरी लागली तेव्हा शाळेलाच देऊन टाकलं. त्यात खडूची खोकी आणि जुने नकाशे असतात. बी.एस्सी. मी इथं येऊन पुरी केली, ह्यांनी करू दिली. गणित शिकवलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मिरज रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या सुताराकडे बसून रंधा धरायला शिकले. त्यानं मला पहिल्या दिवशी विचारलं, "घरात कुणी हुतं का या धंद्यात?" मी म्हटलं, कुणी नव्हतं.

तर काल कारखान्याचा माणूस मशीन सुरू करून दाखवत होता, आणि फाटकात दादा उभा. मी त्याला कळवलं नव्हतं. ह्यांनी फोन केला होता, मला न विचारता. साठीचा झालाय आता. ऊस, म्हैस आणि गुडघे एवढंच बोलतो. उंब्रजहून एसटीनं आला होता, हातात वांग्यांची पिशवी. मशीननं वेग घेतला तसा तो मागे मागे सरकत पार फाटकाला टेकला. उजवा हात खिशात. त्या दिवसानंतर तो तुमच्या वखारीत पुन्हा पाऊल टाकायला गेला नाही, आणि तुम्ही गावाला सांगितलंत की पोरगं शेतीत रमलं.

माणूस गेल्यावर मी चहा ठेवला. हे बिस्किटं आणायला बाहेर पडले, मुद्दामच पडले असतील. दादा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला, कप तीन बोटांत धरून. बराच वेळ वांग्यांवर बोलला. मग कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती हाक तुझी नव्हती."

मी ओट्याशीच उभी राहिले. "काय म्हणालास?"

"तात्यांची हुती. मला काय त्यांचा आवाज वळखू येत न्हाई व्हय?"

"तुला कवापासनं ठावं हाय?" मी इतक्या वर्षांत असं बोलले नव्हते, तात्या. शाळेतली भाषा एका दमात गळून पडली.

"तवापासनं."

"आन् बोलला न्हाईस?"

त्यानं पंजा तोंडावरून फिरवला. "दुसऱ्या दिशी सकाळी तात्या आलं दवाखान्यात. तू आन् आई घरी गेल्ता. कुणी नव्हतं. त्यांनी माझं पाय धरलं. बापानं पाय धरल्यावर काय बोलायचं गं? तात्या म्हणलं, माझ्यामुळं झालं हे गावाला कळलं तर वखारीत कोण यील? पोरीचं काय, ती लगीन हून जाईल. तिला कोण इचारतंय."

गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला. मला वाटलं होतं, असलं काही कळलं तर मी रडेन. मी फडकं घेतलं आणि ओटा पुसला, चांगला दोनदा. मग दादाला म्हटलं, "तू माझ्या लग्नात अक्षता टाकल्यास. भाऊबीजेला ओवाळून घेतलंस. चाळीस वर्षं." तो म्हणाला, "व्हय." एवढंच. सबब सांगितली नाही, रडला नाही. त्याबद्दल मी त्याचे आभार मानते. त्याच्या जागी तुम्ही असतात तर रडला असतात.

तुम्ही त्याचे पाय धरलेत. म्हणजे तुम्हाला पाय धरता येत होते. मी इतकी वर्षं समजत होते की तुमचा स्वतःच्याच खोट्यावर विश्वास बसला असेल, माणसाचा बसतो, धक्क्यात बसतो. म्हणून थोडी सूट देत आले होते तुम्हाला. ती आज काढून घेते. तुम्हाला सगळं माहीत होतं. एका लेकराचे पाय धरलेत आणि त्याच हातांनी दुसऱ्याला गावाच्या ताब्यात दिलंत, कारण ते परक्या घरी जाणारच होतं.

दादाची एसटी साडेपाचची होती. तीन वाजले होते. मी त्याला जा म्हटलं नाही आणि जाऊ दे, झालं गेलं, असंही म्हटलं नाही. म्हटलं, "ऊठ. मला पलीकडनं फळी वढायला माणूस लागतंय." तो बघतच राहिला. "मी?" म्हटलं, "दुसरं कोण हाय हितं?" वर्षभर वाळत ठेवलेला आंब्याचा ओंडका होता. आम्ही दोघांनी तो टेबलावर चढवला. मी जाळी लाकडाच्या उंचीला आणली, बटण दाबलं. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण त्यानं हात खिशातून काढला. मी हळूहळू ढकलत गेले, तो पलीकडून दोन्ही हातांनी फळी धरून मागे मागे गेला. आंब्याचा आंबूस वास शेडभर झाला. मध्येच त्याचे ओठ हलले, मला दिसलं. त्यानं ते मिटून घेतले. पट्टा पूर्ण थांबल्यावर, चाकांचा आवाजही विरल्यावर तो म्हणाला, "फुडं जरा जाड गेली." मी म्हटलं, "दिसलं मला." मग आम्ही दुसरी फळी कापली.

बसस्टँडवर त्याला सोडायला हे गेले. मी गेले नाही. त्याला माफ केलंय का, मला माहीत नाही. तुम्हाला नाही केलेलं, ते मात्र स्वच्छ माहीत आहे. हा कागद तुमच्या फोटोपुढे ठेवणार नाही, कारण आमच्या घरात तुमचा फोटो नाही. दादाला वाचायला देणार नाही. ह्यांनाही नाही, आणि त्याचं कारण पुढं आहे.

मिरजेच्या दवाखान्यात तुमचे शेवटचे दिवस होते. एका दुपारी दादा औषधं आणायला गेला होता, आई घरी होती, तुमच्याजवळ मी एकटी. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्या पदराचं टोक मुठीत धरलंत आणि म्हणालात, "पोरी, त्या दिशी वखारीत..." मी पदर सोडवून घेतला. म्हटलं, "चहा आणते." आणि खाली जाऊन कँटीनसमोरच्या बाकावर बसले, भेटीची वेळ संपेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तेव्हापासून मी ह्यांना, मैत्रिणींना, स्वतःलासुद्धा सांगत आलेय, की आमचा बाप मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

चहा मी घेतलाच नव्हता.