एका कमऱ्यातले दोघे

२ डिसें. ९६
दिल्लीत थंडी पडली. गच्चीवरची खोली, रजई एक. विलास खोकला की ती त्याच्याकडे सरकते. त्याला गाइडची परीक्षा द्यायचीय, गोऱ्यांना ताजमहाल दाखवणार. स्पॅनिश, जर्मन, इटालियन, सगळ्याच्या वह्या. मी सातवीपर्यंत शिकलेला. मयूर विहारच्या फोटो स्टुडिओत डार्करूमला.

९ डिसें.
मालक सकाळीच ओरडला, "कमरा साफ रखो, मराठो!" वि. हसला. म्हणे कमरा शब्द यांचा तरी कुठं, पोर्तुगीजांनी बोटीतून आणला. मूळ ग्रीक, तिथं अर्थ कमानीचं छत. इटलीत कामेरा म्हणजे अजूनही राहायची खोली. इंग्रजांचा मात्र फोटोचा डबा. कारण आधी नुसती अंधारी खोलीच असायची, भिंतीच्या भोकातून बाहेरचं चित्र आत उलटं पडायचं.
म्हटलं, "म्हणजे मी कॅमेऱ्यात काम करतो नि कॅमेऱ्यातच झोपतो?"
"पास झालास, दिन्या."
दिवसभर तेच डोक्यात.

२० डिसें.
वि.च्या रुमालाला रक्त. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. परीक्षा जानेवारीत.

२९ डिसें.
वि.ला ताप. तरी शब्द सोडत नाही. स्पेनमध्ये एका खोलीत राहणारे शिपाई ते कामारादा. जर्मनांचा कामेराड तोच, लाल झेंड्यावाल्यांचा कॉम्रेडही.
"म्हणजे रूम पार्टनर रे. रजई ओढणारा."
"ओढतोस तू."
लय हसला. मग खोकला थांबेचना.
एसटीडी बूथवरून त्याच्या दादाला साताऱ्याला फोन केला. शपथ मोडली.

२ जाने. ९७
दादा येऊन घेऊन गेले. स्टेशनपर्यंत वि. माझ्याशी बोलला नाही. गाडी हलताना एवढंच, "रजईला ऊन दाखवत जा."

२७ जाने.
दादांचं पत्र. वह्या पाठवू नका, सामान कुणाला तरी देऊन टाका. तब्येतीचं एक अक्षर नाही. दोन्ही बाजू उलटून पाहिल्या. परीक्षा परवाच झाली. मी गप्प बसलो असतो तर निदान ती तरी

३ फेब्रु.
मालक नवा भाडेकरू घेऊन आला. बिहारचा, कोचिंगवाला, भला वाटला.
"ये रजाई किसकी है?"
"पार्टनर की."
"कब आएगा?"
मालक मधेच म्हणाला, "अरे, वो नहीं आएगा."
मी म्हटलं, "कमरे में दो आदमी हैं, भाईसाब."
मालक म्हणाला, इतवारपर्यंत दुसरा दाखव, नाहीतर खाली कर.
ते गेल्यावर रजई कठड्यावर टाकली. ऊन चांगलं होतं. दुपारी जेवायला आलो तेव्हा दुसरी बाजू केली.